दहा रुपयांत एक कामठा

माझ्या वडिलांनी हयातीत किती बैलजोड्या घेतल्या असतील ते मला सांगता येणार नाही, पण एकाही जोडीसाठी त्यांना दुसरा बाजार करावा लागला नाही. सकाळी जायचे, बैलाच्या तोंडात हात घालायचे, चार पावलं चालवून पाहायचे आणि दुपारच्या भाकरीच्या आत सौदा पक्का. आसपासच्या गावचे लोक बैल पारखायला त्यांना मुद्दाम घेऊन जात. अशा माणसाने एक बांबूचा कामठा घ्यायला मला तीन बाजार सायकलवर फिरवलं आणि तिन्ही वेळा आम्ही हात हलवत परत आलो. आज इतक्या वर्षांनी ते आठवलं तरी माझं डोकं तापतं.

कामठा म्हणजे धनुष्य. खेळण्यातलं किंवा रामलीलेतलं नव्हे, सातपुड्यातले भिलाला लोक शिकारीला वापरतात ते. महाराष्ट्र होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. आमचं गाव जळगाव जामोदपासून सायकलने पाऊण तासावर, पहाडाच्या अगदी पायथ्याशी. मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो, वय चोवीस, लग्न व्हायचं होतं. वर्गातली साठ पोरं मला भीत, आणि घरात माझं कोणी ऐकत नसे.

पहाडाच्या अंगाला आमचं चार एकर हलकं रान होतं. त्यात दरवर्षी भुईमूग. आणि भुईमूग म्हटला की रानडुकरं आलीच. शेंगा भरायला लागल्या की कळपच्या कळप खाली उतरायचा आणि एका रात्रीत रान नांगरल्यासारखं करून जायचा. म्हणून पोळा झाला की बाबा घोंगडी घेऊन शेतातल्या माळ्यावर राहायला जात, ते भुईमूग उपटेपर्यंत. माळा म्हणजे चार मेढी रोवून त्यावर बांधलेली राखणीची माची. तिथे बसून डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, आरोळ्या ठोकायच्या. ते दोन महिने बाबा घरी पाहुण्यासारखे जेवायला येत, आणि वर्षभरात कधी नसत इतके खुशीत असत.

त्याआधीच्या साली मात्र एक डुकरीण त्यांच्या अंगावर आली. पहाटे ते माळ्यावरून उतरत होते, तिची पिलं खालीच होती. बाबा शिडीवरून उजव्या अंगावर पडले. आठ-दहा दिवस खांद्याला हळद आणि शेक झाला, मग त्यांनीच उतरलं म्हणून सांगितलं आणि आम्ही ते धरून चाललो. माय मात्र विसरली नव्हती. या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बाबांनी घोंगडी झटकायला काढली तशी ती दारात उभी राहिली. रिकाम्या हातानं माळ्यावर चढायचं नाही, असं तिनं सांगितलं. एक तर हातात हत्यार पाहिजे, नाही तर राखणदार लावायचा. शेजारच्या गावचा एक माणूस चार पोती शेंगांवर राखण करायला तयारही होता. तिने आधीच विचारून ठेवलं होतं.

बंदुकीचं नाव कोणीतरी काढलं आणि तिथेच सोडलं. परवान्यासाठी बुलढाण्याला किती खेपा माराव्या लागतात ते गावात सगळ्यांना माहीत होतं, आणि बंदूक काही खेपांवर मिळत नाही. राहता राहिला कामठा. मायने दुधाच्या पैशातली दहाची नोट काढली आणि माझ्या हातात दिली. बाबांच्या नाही, माझ्या. कामठा आणि तीर, दोन्ही दहात बसवायचं, वर एक पैसा मिळणार नाही.

म्हणजे गोष्ट अगदी सरळ होती. शेंगा भरायला तीन-चार आठवडे होते. तेवढ्यात कामठा घरात आला तर माळा बाबांचा, नाही तर राखणदाराचा. आणि माळा एकदा गेला म्हणजे बाबांची जागा पारावर, दुपारभर माशा हाकत बसणाऱ्या म्हाताऱ्यांत. त्या म्हाताऱ्यांसमोरून जाताना बाबा पावलं उचलून चालत. तिथे बसण्यापेक्षा मेलेलं बरं, असं ते आम्हाला कितीदा म्हणाले होते. त्यामुळे ते एका दिवसात कामठा घेऊन मोकळे होतील अशी माझी खात्री होती.

पहिल्या बाजाराला मी त्यांना मागे कॅरिअरवर बसवून नेलं. बाजाराच्या टोकाला, बाभळीखाली, एक भिलाला बसायचा. चाळिशीचा, काटक, कमी बोलणारा. समोर गोणपाटावर डिंकाचे खडे, चारोळी, मोहाची फुलं आणि बाजूला झाडाला टेकवलेले पाच कामठे. चार बांबूचे, एक धामणीच्या लाकडाचा. बांबूचा पाच रुपयांना, धामणीचा आठला. लोखंडी पात्याचा तीर रुपयाला एक. मी मनातल्या मनात लगेच गणित केलं. धामणीचा घेतला तर दोनच तीर, बांबूचा घेतला तर पाच. दोन तीर घेऊन माळ्यावर काय करणार, म्हणजे बांबूचाच. दोन मिनिटांचं काम.

बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी पहिला कामठा हातात घेतला. डोळ्यासमोर धरून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. बोटाने टकटक करून कानाशी नेला. वास घेतला. बांबूच्या सालीची जी दोरी असते ती दातात धरून पाहिली. मग म्हणाले, याच्या कमरेत गाठ आहे. दुसरा फार पिवळा निघाला. तिसऱ्याचं एक टोक बारीक. चौथा चांगला होता, पण त्याचा बांबू कोणत्या महिन्यात तोडला असा प्रश्न निघाला. भिलाला म्हणाला, थंडीत तोडला. बाबा म्हणाले, थंडीत म्हणजे पुसात की माघात? मी वर बाभळीकडे पाहिलं.

भिलाला प्रत्येक वेळी एवढंच म्हणायचा, "ओढून पाह्य." बिडी ओढत, अगदी शांतपणे. आणि बाबा प्रत्येक वेळी म्हणायचे की ओढायची काय घाई आहे, आधी नीट पाहू तर द्या. तास गेला. बाबांना भेटायला ओळखीचे लोक येत होते, काय पाहून राह्यले म्हणून विचारत होते, बाबा त्यांना बांबूतले दोष समजावून सांगत होते. शेवटी ऊन कलल्यावर ते धोतर झटकून उठले आणि म्हणाले की यात माल नाही, पुढच्या बाजाराला पाहू.

दुसऱ्या बाजाराला भिलाल्याने तीन नवे कामठे आणले होते. मला वाटतं त्याने ते बाबांसाठीच आणले असावेत, कारण आम्ही दिसताच त्याने ते पुढे केले. तिन्ही सरळ, सुकलेले, धुरावर तांबूस झालेले. माझ्यासारख्या अडाण्यालाही कळत होतं की माल चांगला आहे. बाबांनी एकाला हात लावला आणि एकदम धामणीकडे वळले. घ्यायचं तर लाकूडच घ्यावं, बांबू काय, टोपल्या करायला असतो. मी म्हटलं, मग तीर? त्यावर ते म्हणाले, तीर घरी करू. मी विचारलं, पाती कोण करणार? लोहार. लोहाराला पैसे कोण देणार? पुढच्या बाजारापर्यंत पाहू. मी संतापून भज्याच्या दुकानात जाऊन बसलो. परत आलो तर बाबा एका शेतकऱ्याच्या गोऱ्ह्याचे दात पाहत होते, आणि कामठ्याचं नाव नाही.

परत येताना रस्त्याला चढ होता. साठीचा, हाडापेराने मजबूत माणूस मागे बसलेला, समोरून वारा, आणि त्यांचं तोंड चालू. बांबूला चंद्र पाहून तोडावा लागतो, अंधाऱ्या पंधरवड्यात तोडला तर कीड लागत नाही, हल्ली कोणाला कळतं हे. मी पायडल मारत होतो आणि दातओठ खात होतो. घरी मायने विचारलं तर बाबा म्हणाले, "घेऊ ना. चांगली चीज पाहून घ्या लागते." आणि बैल धुवायला निघून गेले.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्हाला इतकी घाई होती तर तुम्हीच का नाही घेतला? तर आमच्याकडे बाप समोर असताना मुलगा सौदा करत नाही. बाप चुकला तरी नाही. मी नोट खिशात घेऊन फिरत होतो, पण ती काढायची की नाही हे बाबा ठरवणार होते.

तिसऱ्या बाजाराला तर कहर झाला. त्या दिवशी बाबा घरूनच गप्प होते. भुईमुगाची एक वेल मायने आदल्या दिवशी उपटून आणली होती, शेंगा दुधात होत्या, आठ-दहा दिवसांत भरल्या असत्या. बाजारात जाऊन बाबा थेट एका कामठ्यापाशी बसले. गाठ, रंग, वास काही नाही. सरळ भावाला हात घातला. पाचाचे चार, चाराचे साडेचार, तीरांवर एक तीर फुकट, त्यात तीर ठेवायचा बांबूचा भाता. अर्धा तास घासाघीस करून त्यांनी साडेचारात कामठा आणि पाच रुपयांत सहा तीर ठरवले. साडेनऊ. भाता वरून. मी इतका खूश झालो की खिशातली नोट काढून हातात धरली. भिलाल्याने कामठ्यावर दोरी चढवली आणि बाबांपुढे धरला. म्हणाला, "आता एक बार ओढ. मंग पैसे."

बाबांनी कामठा हातात घेतला. आजूबाजूला पाच-सात जण उभे होते, त्यातले तिघे आमच्याच गावचे. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, कामठा खाली ठेवला आणि म्हणाले की नाही, मन भरत नाही.

बाजारात ठरलेल्या सौद्यावरून माणूस उठला म्हणजे त्याची काय किंमत राहते, हे मला बाबांनीच शिकवलं होतं. बैलबाजारात त्यांचा शब्द इसारासारखा चालायचा. आणि आज ते सहा लोकांदेखत, एका गरीब माणसाचा अर्धा तास खाऊन, सौदा मोडून उठले होते. मला शरमेने कुठे तोंड लपवू असं झालं. सायकलपाशी आल्यावर माझा तोल गेला. बापाला कधी बोललो नव्हतो ते बोललो.

"नाचता येईना अंगण वाकडं, असं झालं तुमचं."

बाबा कॅरिअरवर बसले. त्या दिवशी पाऊण तासाच्या वाटेत त्यांनी बांबूचा नाही, चंद्राचा नाही, कशाचाच विषय काढला नाही. मला वाटलं, फुगले आहेत. फुगू देत, असं म्हणून मी जोरात पायडल मारली.

घरी आल्यावर माय म्हणाली की आता पुरे झालं, येत्या आठवड्यात ती राखणदाराला बोलावणार. बाबांनी मान हलवली. ना धड होकार, ना धड नकार. त्या मान हलवण्यानेच माझं टाळकं सरकलं. म्हटलं, आता या माणसाच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. दोन दिवसांनी शाळेला सुट्टी होती. कोणाला न सांगता मी पहाडाची वाट धरली. बाप समोर नसताना मुलाने सौदा केला तर चालतो.

भिलाल्याचा पाडा दोन तासांच्या चढावर होता. पाडा म्हणजे पाच-सहा घरं, एकमेकांपासून लांब लांब, प्रत्येकाभोवती मक्याचं रान. तो अंगणात बसून विळ्यासारख्या वाकड्या सुरीने बांबू तासत होता. त्याची बायको कुडाला शेण लावत होती. आत चुलीवर आडव्या बांधलेल्या दांडीला बांबू टांगलेले दिसत होते, धुराने काळे झालेले. त्याने मला ओळखलं, पण बाजाराचा विषय काढला नाही. खाट टाकली, पाणी दिलं, आणि कोणाला पाहिजे म्हणून विचारलं.

मी म्हटलं, वडिलांना.

तो म्हणाला, "मंग त्याले घेऊन ये. ज्याचा हात, त्याचा कामठा."

तो समजावून सांगू लागला की त्यांच्यात न ओढता कामठा कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही. घेणाऱ्याने त्याच्यापुढे ओढायचा, मग तो कुठे जड आहे तिथे तासून देतो, पुन्हा ओढायचा, पुन्हा तासायचा, असं त्याच्या हाताला बसेपर्यंत. त्याच्याशिवाय पैसे घेतले तर कामठा अंगावर उलटतो. मी ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, झालं, बाबा काय कमी होते की हा दुसरा निघाला. इथेही रीत, तिथेही रीत, आणि भुईमूग डुकरांच्या पोटात. शेवटी मी सरळ खोटं बोललो. म्हटलं, वडिलांना नाही, मलाच पाहिजे.

त्याने माझ्या हातांकडे पाहिलं. खडूचे हात होते. तरी तो उठला आणि सहा-सात कामठे आणून ठेवले. सगळे पाच-पाच रुपयांचे. आता मी काय केलं असेल? आम्ही बाजारात जे करतो तेच. दोन वांगी एकाच भावाची असली तर मोठं वांगं घ्यायचं. मी सगळ्यांत जाड कामठा उचलला. शिवाय तो घेताना माझ्या डोळ्यांपुढे बाबा होते. कापसाचं गाठोडं एकट्याने बैलगाडीवर टाकणारे, उधळलेल्या गोऱ्ह्याला शिंगांना धरून थांबवणारे. त्यांच्या हातात काडीसारखा कामठा दिला असता तर ते हसले असते. भिलाला म्हणाला, भारी पडेल. मी म्हटलं, द्या.

मी तो ओढला. तोंड लाल झालं, दात एकमेकांवर आवळले, पण दोरी छातीपर्यंत आली. सुटताना डाव्या हातावर असा फटका बसला की महिनाभर वळ होता. भिलाला तासायला सुरी घेत होता, मी नको म्हटलं, आहे तसाच द्या. पाच रुपयांचा कामठा, पाच रुपयांचे तीर, दहाची नोट त्याच्या हातात ठेवली आणि मी पहाड उतरलो. इतकं सोपं काम आणि त्याला तीन बाजार, असं स्वतःशी बोलत उतरलो.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता आणि बाबा ओट्यावर होते. शेजारचे दोघे-तिघे बसले होते. माझ्या खांद्यावरचा कामठा पाहून ते उठून उभे राहिले. मी तो बाबांच्या हातात दिला, अगदी मिरवत. बाबांनी तो टोकाकडून टोकाकडे पाहिला. मी वाट पाहत होतो, आता गाठ निघेल, आता पिवळा निघेल. पण ते म्हणाले, "चांगला हाये." एवढंच. तीन बाजारांत एकाही कामठ्याला ते चांगला म्हणाले नव्हते.

शेजारचा म्हणाला, काका, ओढा ना, पाहू द्या. दुसऱ्याने दोरी चढवून दिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, कारण मी हसत होतो. त्यांनी डाव्या हाताने कामठा धरला, उजव्या हाताची दोन बोटं दोरीला लावली आणि ओढला. दोरी वीतभर मागे आली. उजवं कोपर वर उचलेना. खांद्यापासून सगळा हात थरथरायला लागला, कपाळावर घाम आला, आणि दोरी तिथेच. त्यांनी पुन्हा जोर केला. तोंडातून एक आवाज निघाला, ओझं उचलताना निघतो तसा नव्हे, दुखल्यावर निघतो तसा. मग त्यांनी दोरी हळूच पुढे सोडली, कामठा ओट्यावर आडवा ठेवला आणि हसून लोकांना म्हणाले, "मास्तरनं आपल्या हाताचा आणला. जवान माणसाचा हाये हा." लोकही हसले, दोन गोष्टी झाल्या, आणि ते उठून गेले. माय दारात उभी होती. ती आत गेली.

मी ओट्यावर बसून राहिलो. तीन बाजारांत त्यांनी एकही कामठा ओढला नव्हता. एकही. गाठ, रंग, पूस, माघ, धामण, सगळं त्यासाठी होतं. तो खांदा कधी उतरलाच नव्हता. वर्षभर त्यांनी भाकर मोडली, बैल जुंपले, वखर धरला, आणि आम्हा दोघांना कळू दिलं नाही. पडल्यानंतर त्यांनी गोफण फिरवली नव्हती. पोरखेळ आहे म्हणाले होते आणि मी ते खरं मानलं होतं. बाजारात ज्यांच्यापुढे ते बैल पारखत, त्यांच्यापुढे त्यांना हात थरथरताना दाखवायचा नव्हता. आणि मी तो त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर दाखवायला लावला.

लाज तर वाटलीच. पण खरं सांगायचं तर रागही तितकाच आला, कदाचित जास्तच. एका शब्दाने सांगायचं होतं. तीन बाजार, सायकलचा तो चढ, मोडलेला सौदा, त्या गरीब माणसाचा वेळ, सगळं एका शब्दाने वाचलं असतं. सांगितलं असतं तर मी काय गावभर दवंडी पिटणार होतो? असा राग मी रात्रभर घोळवला. सकाळी गोठ्यात गेलो तेव्हा बाबा बैलांना कडबा टाकत होते, डाव्या हाताने. आता मला दिसत होतं.

मी म्हटलं की तो भिलाला कामठा तासून देतो, हाताच्या मापाने. आज जाऊ.

बाबा कडबा टाकत राहिले. मग म्हणाले, "तठी कोण कोण असते?"

"तो अन् त्याची बायको."

"आपल्या गावचं कोणी?"

"पाड्यावर कोण जाते बाबा?"

"मंग चाल," म्हणाले. आणि पागोटं घ्यायला आत गेले.

शाळेत निरोप धाडला की मास्तर आजारी आहेत. दोन तासांचा चढ बाबा माझ्यापुढे चालले. पाड्यावर पोचलो तेव्हा भिलाला अंगणातच होता. त्याने बाबांकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरच्या कामठ्याकडे, आणि त्याला सगळं समजलं असावं, कारण तो काही न विचारता सुरी घेऊन बसला. त्याने दोरी चढवली आणि कामठा बाबांपुढे केला. बाबांनी तो घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले की तहान लागली, झिऱ्यावरून पाणी घेऊन ये.

पाण्याने भरलेलं मडकं त्यांच्या पायापाशी होतं. वर लोटा उपडा घातलेला. मी मडक्याकडे पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मग मी लोटा उचलला आणि झिऱ्याची वाट धरली.

झिरा खाली ओहोळात होता, मोठ्या दगडांच्या आड. तिथून अंगण दिसत नव्हतं, पण आवाज येत होता. आधी काहीच नाही. मग सुरीचा खर्र खर्र आवाज. मग पुन्हा काही नाही. मग खर्र खर्र. मला त्या शांततेचा अर्थ कळत होता. ती शांतता म्हणजे बाबा ओढून पाहत होते. मी लोटा भरला, ओतून दिला, पुन्हा भरला. एका दगडावर बसलो.

त्या कामठ्याने बाबांनी पुढे एकही डुक्कर मारलं नाही, हे इथेच सांगून टाकतो. तासून तासून तो इतका हलका झाला होता की तीर पंचवीस पावलांवर जाऊन गवतात पडायचा आणि सकाळी तो शोधायला मलाच जावं लागायचं. डुकरांनी त्या वर्षीही दीड-दोन वाफे खाल्लेच. पण राखणदार लागला नाही. बाबा त्या साली माळ्यावर बसले, पुढच्या साली बसले आणि त्याच्या पुढच्याही. मायने एकदाही विचारलं नाही की डुकरं किती मारली.

झिऱ्यावर मी बसलो होतो आणि वरून खर्र खर्र चालू होतं. ऊन डोक्यावर आलं. मध्ये एकदा आवाज थांबला तो बराच वेळ. मग दोरी सुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काहीतरी लाकडात रुतल्याचा. मग भिलाल्याचं हसणं, आणि त्याच्यावर बाबांचं. तरी मी उठलो नाही. पुन्हा दोरी सुटली, पुन्हा रुतल्याचा आवाज. असं चार-पाच वेळा झालं. मग मी लोटा शेवटचा भरला आणि सावकाश वर गेलो.

बाबा अंगणात उभे होते, कामठा हातात, पायापाशी बांबूच्या सालीचा ढीग. समोरच्या मोहाच्या झाडाला चार-पाच तीर लागलेले. माझ्याकडे पाहून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"पाण्याले गेलता का विहीर खंदाले? अठी जीव सुकून राह्यला माणसाचा."

मी म्हटलं, झिरा आटला होता.

भादव्याचा महिना होता. सगळ्या पहाडातून पाणी वाहत होतं, आम्ही येताना चार ओहोळ ओलांडून आलो होतो, दोघांचीही धोतरं गुडघ्यापर्यंत ओली होती. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग कामठा डाव्या हातात घेतला, उजवा हात पुढे केला, तो थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. लोटा घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.